कुकिंग शोचे परीक्षक आपल्या पदार्थांना नक्की कुठल्या मापाने मोजतात?

आंबेमोहर
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढला. आमच्याकडे मास्टरशेफ सगळे मिळून बघतात, इंडियावालं पण आणि ऑस्ट्रेलियावालं पण. 2010 ला अक्षय कुमार होता त्या पहिल्या सीझनपासून बघतोय, लखनौच्या पंकज भदौरिया शाळेतली नोकरी सोडून आल्या आणि जिंकल्या तेव्हा सासूबाईंनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. त्यामुळे शोवर राग बिग काही नाहीये, उलट जीव आहे म्हणूनच लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपला घरचा पदार्थ टेबलावर गेला की परीक्षक ठरलेल्या तीन गोष्टी बोलतात. दिसतंय कसं, क्रंच कुठाय आणि यात तुझं स्वतःचं काय. पदार्थ मुळात जमलाय का यावर कुणी बोलतच नाही!! आता पुरणपोळीच घ्या. पोळी कडेपर्यंत पुरणाने भरलीये का की कडा नुसत्याच कणकेच्या राहिल्यात, पुरणात डाळीची कणी लागतेय का, वेलची जायफळ गुळाच्या डोक्यावर चढून बसलंय का, पोळी गार झाल्यावर मऊ राहिली का वातड झाली, इतकं सगळं बघण्यासारखं असतं. पण पुरणाचं टार्ट करून वर तुपाचं काहीतरी पांढरं भुरभुरलं की लगेच वा वा, आणि साधी पोळी आणली की "छान आहे पण स्पर्धेच्या लेव्हलची नाही". का नाही? पुरणपोळी नीट करणं टार्टपेक्षा सोपंय असं कुणी ठरवलं? एकदा लाटून बघा म्हणावं.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आणि खास करून हे लिहा की तुम्ही परीक्षक असता तर तुमच्या घरचा एखादा पदार्थ कशावरून पास किंवा नापास केला असता.

लालबागकर
ताई अगदी मनातलं बोललात. हे फक्त आपल्याच बाबतीत होतं असंही नाही. 2018 ला इंग्लंडच्या मास्टरशेफमध्ये मूळच्या मलेशियाच्या एक बाई होत्या, झलेहा कादिर ओल्पिन, त्यांनी नासी लमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात) आणि चिकन रेंडांग केलं, आणि परीक्षकांनी काय खोट काढावी तर म्हणे कोंबडीची कातडी कुरकुरीत नाहीये. बाई स्पर्धेतून बाहेर. आता रेंडांग म्हणजे नारळाच्या दुधात मसाल्यात तासन् तास मंद शिजवायचं, रस आटत आटत मांसाला लपेटून बसतो, त्यात कातडी कुरकुरीत राहणारच कशी? मलेशिया इंडोनेशिया सिंगापूर, एरवी रेंडांग कुणाचं यावर आपसात भांडणारे, सगळे एक झाले आणि मलेशियाच्या पंतप्रधानांनीसुद्धा त्यावर ट्वीट केलं.

मला त्यातली मुख्य गोष्ट ही वाटते की परीक्षकाची जीभ वाईट नव्हती, त्याला त्या पदार्थाकडून काय अपेक्षा करायची हेच माहीत नव्हतं.

मुलुंडचा_मी
थोडा विरोधी सूर लावतो, रागवू नका. ही स्पर्धा आहे, घरचं जेवण नाही. वीस जण एका वेळी स्वयंपाक करतायत, त्यातून एकाला निवडायचं तर काहीतरी वेगळेपण बघावंच लागणार ना? सगळ्यांनी उत्तम वरणभात केला तर निवडणार कसं? आणि नवीन करायला मुलांना उत्तेजन मिळतंय हे पण बघा. माझी मुलगी नववीत आहे, ऑस्ट्रेलियाचा शो बघून बघून ती आता घरी सुरी धरायला शिकली, कांदा असा एकसारखा बारीक चिरते की मी बघत बसतो. हे शोमुळेच झालं.

आंबेमोहर
@मुलुंडचा_मी रागवायचं काय त्यात, मुलीचं कौतुक. पण "सगळ्यांनी उत्तम वरणभात केला तर" हे होतच नाही हो! दहा जणांना वरण करायला सांगा, दहा चवी येतील. कुणाची डाळ घोटलेली नसेल, कुणाचा हिंग कच्चा, कुणी गूळ जास्त घातलेला, कुणाच्या वरणावर पाणी वेगळं दिसेल. फरक असतो, तो ओळखणारा समोर पाहिजे.

चिंचगूळ
गिरगावातून नमस्कार. मी आणि आमच्या सासूबाई (वय 81) रात्री जेवणं झाली की एकत्र बघतो आणि त्यांची कॉमेंट्री टीव्हीतल्या परीक्षकांपेक्षा कितीतरी वरची असते. पदार्थ चाखायचा प्रश्नच नाही, नुसतं बघून सांगतात. कुणीतरी उकड काढत होतं, पाणी पुरतं खळखळायच्या आत पीठ टाकलं, यांनी लगेच सांगितलं "आता कळ्या फुटणार". आणि फुटल्या!! परीक्षक मात्र सारणात काजू आहेत का बदाम यावर बोलत बसले.

मोदकाची कसोटी मी लिहिते. पीठ शक्यतो आंबेमोहरसारख्या सुवासिक चिकटसर तांदळाचं, पाणी पिठाइतकंच, त्यात मीठ आणि चमचाभर तूप, पाणी चांगलं उकळलं की पीठ घालून पटकन ढवळायचं, झाकण ठेवून एक दणदणीत वाफ. मग गरम असतानाच तेलपाण्याचा हात घेऊन मळायची, हात भाजला तरी चालेल पण गार झाल्यावर मळाल तर मोदकाला चिरा पडणार म्हणजे पडणारच. पारी बोटांनी कडेला पातळ करत न्यायची, बुडाला किंचित जाड, नाहीतर सारणाच्या वजनाने तळ सुटतो. उकडल्यावर कळ्या मोजता आल्या पाहिजेत, पारीतून गुळाचा रंग हलका दिसला पाहिजे पण रस बाहेर यायला नको. आणि फोडल्यावर पारी दाताला चिकटता कामा नये. एवढ्या गोष्टी आहेत बघायला, मग "यात तुझं स्वतःचं काय" हा प्रश्न पडतोच कसा, ती पारी तिचीच आहे ना!

शेफ_दादर
मी याच धंद्यात आहे, दादरच्या कॅटरिंग कॉलेजात शिकलो, आता हॉटेलच्या किचनमध्ये वीसेक वर्षं होत आली. दोन गोष्टी सांगतो, त्या प्रेक्षकांना दिसत नाहीत.

पहिली गोष्ट गार जेवण. सगळ्यांची वेळ एकदम संपते, मग एकेक जण ताट घेऊन पुढे येतो, प्रत्येकावर बोलणं, कॅमेरे हलवणं, लाइट, यात शेवटच्याची पाळी येईपर्यंत ताट गार. ऑस्ट्रेलियाच्या परीक्षकांनी मुलाखतींतून सांगितलंय की ते आधीच ओट्याओट्यावर फिरताना चव घेत असतात. म्हणजे टेबलावर जे दिसतं तो निकालाचा एक भाग असतो. आता विचार करा, गार झाल्यावर कुठले पदार्थ टिकतात? केक, टार्ट, मूस, सॅलड. आणि कुठले मरतात? भाकरी, घावन, कांदाभजी, तव्यावरचा मासा, वरणभात. आपलं बरंचसं जेवण तव्यावरून थेट ताटात पडायचं जेवण आहे, वाढणारी उभी आणि खाणारा बसलेला, तरच त्याची खरी चव. त्यामुळे आपले स्पर्धक सुरुवातीलाच मागे पडतात, आणि हुशार असतात ते हे ओळखून पदार्थ बदलतात.

दुसरी गोष्ट वेळ. 60 मिनिटं किंवा 75 मिनिटं. त्यात पुरणपोळी? हरभऱ्याची डाळ भिजवायला वेळ नाही म्हणून तशीच कुकरला लावायची, शिट्ट्या, कुकर उघडेपर्यंत वीसेक मिनिटं गेली, मग कट काढून गूळ घालून आटवायचं, उलथनं पुरणात उभं राहिलं पाहिजे तोपर्यंत. मग पुरणयंत्र. आणि तिकडे कणीक तेल लावून तिंबून निदान तासभर झाकून ठेवायला हवी ती ठेवली जेमतेम वीस मिनिटं. सगळ्यात वाईट म्हणजे पुरण गार व्हायला वेळच नाही. गरम पुरण भरून लाटायला घेतलं की पोळी पोळपाटावरच फुटते. मग स्पर्धक टार्ट करतो. तो काही पुरणपोळीची लाज वाटते म्हणून टार्ट करत नाही, घड्याळ बघून करतो.

प्लेटिंगच्या बाबतीत मात्र मी परीक्षकांच्या बाजूने. ताट स्वच्छ, कडेला ओघळ नाही, रस्सा भाजीत शिरलेला नाही, एवढी अपेक्षा रास्तच आहे. आपल्याकडे डावी बाजू उजवी बाजू, मीठ लिंबू चटणी कोशिंबीर कुठे, भात कुठे याचा केवढा शिस्तीचा विचार आहे! तो ज्याने पाळला त्याला प्लेटिंगचे पूर्ण मार्क द्यावेत असं माझं मत, चिमटीने पानं रचायचीच गरज नाही.

आंबेमोहर
@शेफ_दादर वा, काय लिहिलंत! डावी उजवी बाजूचं तर शंभर टक्के पटलं. घड्याळाचा मुद्दा मी धरलाच नव्हता. पण मग दोष चॅनलचा झाला ना, पदार्थाचा नाही? एखादा भाग असा ठेवा की आदल्या रात्री भिजवायला आंबवायला वेळ देऊ. निम्मा भारत आदल्या रात्रीच स्वयंपाकाला लागतो.

खारदांडा
कोळीवाड्यातून लिहितोय. तुम्ही सगळे मोदक पुरणपोळीवर बोलताय, आमच्या म्हावऱ्याचं काय? 2015 चा सीझन तर पूर्ण शाकाहारी केला होता, मासळी नाही मटण नाही. शाकाहारी लोकांसाठी केला, चांगलं आहे, मला त्यात वाईट वाटलं नाही, पण मुंबईत बसून महिनोन् महिने स्वयंपाकाचा शो बघायचा आणि त्यात एक मासा नाही हे आमच्या घरी कुणाच्या गळी उतरलं नाही, आईने बघणंच सोडलं.

आणि मासा दाखवतात तेव्हा पण बहुतेक सामन नाहीतर बासा. परीक्षक म्हणतात फ्लेकी पाहिजे, काट्याने पाकळ्या सुटल्या पाहिजेत. सुरमई रावसला हे माप ठीक आहे. बोंबलाला लावाल? बोंबील आत लोण्यासारखाच असतो, त्याच्या पाकळ्या कधी सुटतच नाहीत. ज्याने आयुष्यात बोंबील खाल्ला नाही तो म्हणेल कच्चा राहिलाय.

आता बोंबलाची खरी परीक्षा ऐका. डोकं शेपूट पर काढून पोटातून उभा चिरायचा, मधला काटा काढायचा, उघडून पसरायचा आणि फडक्यात ठेवून वर पाटा नाहीतर जड काहीतरी, अर्धा पाऊण तास. त्याच्यात पाणीच एवढं असतं की फडकं ओलंचिंब होतं. ज्याने हे केलं नाही त्याचा बोंबील तव्यात पाणी सोडणार, रवा सुटणार आणि लगदा होणार, हे झाकता येतच नाही. मग हळद मीठ आगळ आणि आमचा मसाला, वरून तांदळाचं पीठ नाहीतर बारीक रवा, तवा चांगला तापलेला, आणि उलटायचा एकदाच. दोनदा उलटला की तुटला. ताटात आला की कडा कडक पाहिजेत, उचलला तर मधे वाकला पाहिजे पण तुटायला नको. हे जमलं तर पास, बाजूला कसलाही सॉस काढायची गरज नाही.

सोलकढी
खारदांडा दादा, वाचूनच भूक लागली. मी पनवेल लोकलमध्ये उभी राहून वाचतेय.

माझा ऑडिशनचा अनुभव सांगते, चॅनलचं नाव नको. घरून पदार्थ करून न्यायचा आणि तिथे दिलेल्या वेळात ताट लावायचं. मी नेलं होतं काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. पहाटे उठून केलं, लांबच लांब रांग, नंबर आला दुपारी. आंबोळी सहा तासांनी कशी लागणार तुम्हीच सांगा. चाखणारी मुलगी चांगली होती, गोड बोलली, पण तिचा प्रश्न होता की तुमची स्टोरी काय? मी म्हटलं स्टोरी म्हणजे? तर म्हणे स्वयंपाकाने तुमचं आयुष्य कसं बदललं. मी सांगितलं की आजीकडून शिकले, मला आवडतं, रोज करते. ती थांबून राहिली, अजून काहीतरी हवं होतं तिला. मला ते फार लागलं. सांबाऱ्यातला वाटाणा सालासकट अख्खा राहिला होता आणि आत लोण्यासारखा शिजला होता, वाटपातलं खोबरं काळपट होईपर्यंत भाजून पण कडू होऊ न देता वाटलं होतं, हे कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं.

ठाकुर्लीकर
सोलकढी ताई 🙏 तुमचं सांबारं आम्ही खायला येऊ.

स्टोरीचं अगदी खरं. एक तासाच्या भागात प्रत्यक्ष स्वयंपाक किती दिसतो ते बघा कधीतरी. जाहिराती, मागे ढोल, स्पर्धकांची बाजूला बसून दिलेली बोलणी (ती नंतर रेकॉर्ड करतात, म्हणून हातात पीठ नसतं), परीक्षकाचा चेहरा, परत चेहरा, ब्रेक. फोडणी कधी पडली ते दिसतच नाही. मी बघतो शिकायला आणि मला शिकायला मिळतं रडणं. त्या मानाने प्रशांत दामलेंचं आम्ही सारे खवय्ये शांत होतं, स्पर्धा नाही काही नाही, पण पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसायचा.

मुलुंडचा_मी
पण मग किश्वरचं काय म्हणाल? 2021 च्या ऑस्ट्रेलियाच्या फायनलमध्ये किश्वर चौधरीने पांता भात ठेवला, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत आलू भोर्ता आणि सार्डिन. तिसरी आली ती, पण बांगलादेशपासून आपल्यापर्यंत सगळ्यांनी डोक्यावर घेतली. परीक्षकांना तो पदार्थ नवा होता तरी त्यांनी मान दिलाच की. म्हणजे परीक्षक ऐकतात, स्पर्धकाने धीर करून मांडायला पाहिजे.

लालबागकर
बरोबर आहे, आणि किश्वरच्या बाबतीत एक मस्त गोष्ट होती, ती ताट घेऊन आली तेव्हा सांगत होती की हे काय आहे, कोण खातं, कधी खातं. गरिबाघरचं जेवण आहे हे तिने लपवलं नाही. आमच्याकडे कोकणात सकाळी पेज, नाहीतर रात्रीचा भात ताक घालून, सोबत सुकटाची चटणी नाहीतर भाजलेला सुका बांगडा. हे फायनलला ठेवायची छाती आपल्या किती जणांची आहे? मला वाटतं आपलीच माणसं आधी घाबरतात, पेज ठेवली तर हसतील म्हणून.

इंडियाच्या सातव्या सीझनमध्ये मात्र मला हे थोडं दिसलं. शेवटच्या तिघांत आसामचे दोघं, नयनज्योती सैकिया आणि सांता सरमा, आणि आपल्या सुवर्णा बागुल. नयनज्योती जिंकला. तोवर आसामच्या जेवणातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, त्या सीझननंतर मी मुद्दाम शोधून वाचलं. एवढं काम शो करू शकतो.

चिंचगूळ
सेलिब्रिटी मास्टरशेफबद्दल पण बोला ना कुणीतरी. 2025 ला फराह खान होती, आपल्या उषा नाडकर्णी होत्या, म्हणून आम्ही नेमाने बघितलं. या वयात त्या उभ्या राहून घड्याळासमोर स्वयंपाक करत होत्या, सासूबाईंना त्यांचं कोण कौतुक! जिंकला गौरव खन्ना, चांगला करायचा तो. पण तिथेही तेच, केकचे थर आणि साच्यात ओतलेलं काहीतरी. चकली किती काटेरी पडली आणि सोऱ्यातून काढताना तुकडे पडले का, हे कधी कुणी विचारलं नाही.

शेफ_दादर
एक सुचवतो. इंग्लंडचा बेक ऑफ हा बेकिंगच्या स्पर्धेचा शो बघता का कुणी? 2010 ला बीबीसीवर सुरू झाला, 2017 पासून चॅनल 4 वर. त्यात एक टेक्निकल फेरी असते. सगळ्यांना एकच पदार्थ, कृती दिलेली असते पण अर्धवट, "बेक करा" एवढंच लिहिलेलं, किती वेळ कुठल्या आचेवर ते स्वतःला कळायला हवं. आणि परीक्षकांना माहीत नसतं कुठलं ताट कुणाचं. स्टोरी नाही, चेहरा नाही, फक्त पदार्थ. एका ओळीत सगळे मांडून ठेवतात आणि खालून वर नंबर देतात.

आपल्याकडे ही फेरी आणा. कागदावर फक्त लिहायचं, "उकड काढा. पारी करा. अकरा मोदक उकडा." बस. किंवा "कोथिंबीर वडी करा". कुणाची वडी वाफवल्यावर गिचका झाली, कुणाची तळताना फुटली, कुणी कोथिंबीर धुवून न निथळता घातली म्हणून पीठ जास्त लागलं आणि वडी दडदडीत झाली, सगळं उघडं पडतं. परीक्षक मात्र तिघांतला एक तरी असा पाहिजे ज्याने तो पदार्थ आयुष्यभर केलाय. आसामचा पदार्थ असेल तर आसामची आजी, बोंबील असेल तर खारदांड्याची मावशी. मोठ्या शेफच्या बाजूला तिला तितकीच मोठी खुर्ची द्यायची आणि तिचं मत शेवटचं धरायचं.

खारदांडा
शेफ साहेब हे एकदम बरोबर!! आमची आई येईल. पण ती कुणाला बरं वाटावं म्हणून बोलणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, मसाला कच्चा लागला की लागला.

आंबेमोहर
मला हे फार म्हणजे फार आवडलं. हेच मला म्हणायचं होतं, शेफने नीट मांडलं. पदार्थ ज्याच्या घरचा आहे त्याच्या घरच्या मापाने मोजा. मग त्यात कुणी खरंच नवीन काही केलं असेल तर तेही त्या घरच्या माणसालाच आधी कळेल, कारण जुनं काय ते त्यालाच माहीत.

बरं, कसोट्या येऊ देत अजून. मोदक झाले, बोंबील झाले, कोथिंबीर वडी झाली. बांगड्याचं तिखलं कोण लिहितंय?

सोलकढी
मी लिहिते, घरी पोचले आता. बांगडा ताजा आहे की नाही ते रश्शात पण कळतं, शिळा असेल तर तुकडा पाठीच्या काट्यापासून आपसूक सुटून येतो आणि रश्शाला वास राहतो. वाटप जाडसर चालणार नाही, मिरची आणि थोडंसं खोबरं अगदी गंधासारखं वाटलेलं पाहिजे. रस तुकड्यांना धरून बसेल इतकाच, भातावर ओतला तर पसरता कामा नये. तिरफळं ताजी असोत वा सुकी, बी काढून जरा ठेचून घातलेली, आणि घालायची शेवटी शेवटी, आधी घातली तर कडवट होतं. जिभेच्या टोकाला हलकी झिणझिण आली पाहिजे, ती आली नाही तर माझ्याकडून सरळ शून्य. आंबटपणा कोकमाचा, टोमॅटो घातलेला मी लगेच ओळखते. आणि गॅस बंद केल्यावर वरून कच्चं खोबरेल चमचाभर, झाकण लावून दहा मिनिटं हात लावायचा नाही. परीक्षकाने घाई करून झाकण उघडलं तर परीक्षकालाही बाहेर काढा.

लालबागकर
दहा मिनिटं झाकण न उघडता चॅनलवाले थांबणार नाहीत ताई, त्यात दोन ब्रेक बसतात 😄 थालीपीठावर मी उद्या सविस्तर लिहितो, भाजणीत धने किती भाजायचे यावर आमच्या घरात दोन तट आहेत, दोन्ही बाजू विचारून घेतो.